एक मात्रा कमी

माझा पेशा वजनमापं तपासण्याचा. दुकानदाराचा काटा खरा आहे का, किलोचं वजन किलोभर भरतं का, कापडवाल्याची मीटरपट्टी टोकाला झिजलेली तर नाही ना, हे बघायचं; ठीक असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर माल जप्त. या नोकरीत माणसाला मित्र मिळत नाहीत. मी बाजारात दिसलो की भाजीवाले पारडं जमिनीला टेकेपर्यंत भाजी टाकतात, आणि वरची भाजी मला परत करावी लागते. म्हणून आमच्याकडे भाजी बायकोच आणते. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हेतू वाईट नव्हता. मुंगी साखर शोधते, मी चूक शोधतो, इतकंच.

बायको एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसते. आमची मुलगी शिकून आपल्या संसाराला लागल्यावर हिनं बाहेरून पदवी घ्यायचं मनावर घेतलं. भाषा विषय घेऊन. मी म्हटलं, भाषा तुला येतेच की, हिशेबाचं काहीतरी घे. त्यावर ती नुसती हसली. बघता बघता शेवटचं वर्ष आलं. आता परीक्षेआधी फक्त एक निबंध अभ्यासकेंद्रावर नेऊन द्यायचा होता. शनिवारी दुपारपर्यंत तो पोचला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, वर्ष फुकट. मागच्या परीक्षेला ती ताप अंगावर काढून बसली होती, त्यामुळे या निबंधाचं महत्त्व घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे मी.

प्रश्न असा होता: "एकनिष्ठा या विषयावरील पुढील कवितेचे रूप व भाव उलगडून दाखवा."

"रूप म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"म्हणजे बांधणी. ओळी किती, यमक कसं, वृत्त कुठलं, मात्रा किती."

"म्हणजे माप."

"म्हणा तसं."

"आणि भाव?"

"भाव म्हणजे भाव. कवितेच्या मनात काय आहे ते."

माप आणि भाव. अहो, हे तर माझंच खातं. मी बाह्या सरसावल्या. "असं करू," मी म्हटलं, "माप मी बघतो, भाव तू बघ." नको म्हणावं असं तिच्या मनात आलं असणार, पण ती माझं मन मोडत नाही. तिची ही एकच सवय आम्हाला दोघांनाही महाग पडत आलेली आहे.

कवितेचं नाव 'एकवचन'. ती अशी:

तुम्ही निघाला, दार ओढले
तुम्ही परतला, दार उघडले
व्रत कसले अन् वचन कोणते
यापलीकडे ना आठवते

तुम्ही बोलला, सर्व ऐकले
तुम्ही थांबला, तेहि ऐकले
लोक विचारत, कशी राहते
मी हसते अन् चहा ठेवते

तुम्ही विसरला नावहि माझे
तुम्ही विसरला नाव स्वतःचे
काय म्हणू मी? नुसते म्हणते
तू बस इथे, दार लावते

मात्रा मोजणं सोपं आहे. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि पुढच्या अर्ध्या अक्षराचा किंवा विसर्गाचा जोर पडला तर ऱ्हस्वाचीही दोन. बायकोनं समजावलं आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून, बोटांची पेरं मोजत, एकेक ओळ काट्यावर घेतली. पहिली ओळ सोळा. दुसरी सोळा. तिसरी सोळा. माझं मन भरून आलं. इतका प्रामाणिक माल मी बाजारात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कवी कोण होता कोण जाणे, पण माणूस सचोटीचा. अकरा ओळी अशा काटेकोर उतरल्या, आणि बारावी भरली पंधरा.

मी पुन्हा मोजली. पंधरा. उलट्या बाजूनं मोजली. पंधराच. एखाद्या सज्जन दुकानदाराच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका सापडावा तसं मला झालं.

"शेवटची ओळ कमी भरतेय," मी बायकोला हाक मारून सांगितलं.

"हो," ती आतून म्हणाली. "मीही मोजली."

"मग?"

"मग काही नाही. असू दे."

असू दे? सोळाच्या ठिकाणी पंधरा देणाऱ्या माणसाला मी असू दे म्हणत गेलो असतो तर एव्हाना माझा तीन मजली बंगला झाला असता. मी म्हटलं, ही छापखान्याची चूक आहे. ती म्हणाली, अहो, तसं नसावं, तुम्ही तो 'तू' बघा ना... पण तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मास्तर आले.

मास्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून झाली नाही. मी त्यांना ओळ दाखवली. त्यांनी डोळे मिटून ती दोनदा म्हटली आणि लगेच निकाल दिला. "इथेचं येथे करा. एक मात्रा वाढते, सोळा भरतात. मूळ 'येथे'च असणार. आणि काय हो, एकवचन म्हणजे एक वचन. दिलेला शब्द पाळणं. भाव: कर्तव्य. लिहून घ्या."

"पण मास्तर," बायको म्हणाली, "ती तर म्हणते, वचन कोणतं ते आठवतसुद्धा नाही."

"विनयानं म्हणते," मास्तर म्हणाले आणि चहाची वाट बघू लागले.

चहाच्या वासानं म्हणा किंवा मास्तरांच्या आवाजानं म्हणा, खालचे डॉक्टर वर आले. डॉक्टर साबुदाण्याएवढ्या गोळ्या देतात आणि मात्रा या शब्दावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं समजतात. त्यांचं म्हणणं, ओळीला हात लावू नका, फक्त 'इथेऽ' असं लांबवून म्हणा, मात्रा आपोआप भरून निघते. मास्तर म्हणाले, असं लांबवायला लागलं तर उद्या कोणीही काहीही लांबवेल. डॉक्टर म्हणाले, तुमचं भाषण आम्ही ऐकतोच आहोत. त्यावर मास्तरांनी डॉक्टरांच्या गोळ्यांचा विषय काढला, डॉक्टरांनी मास्तरांच्या शाळेच्या निकालाचा काढला, आणि एकनिष्ठेवरच्या कवितेपायी दोन जुने शेजारी एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. म्हणजे बघेनासे झाले, पण उठले नाहीत. दोघेही आमच्याच टेबलाशी, एकमेकांकडे पाठ करून, चहा पीत बसले. बायको वह्या उचलून आतल्या खोलीत गेली. मागाहून मी डोकावलो तर ती इस्त्रीचं टेबल उघडून, उभ्यानं त्यावर निबंध लिहीत होती.

मला वाईट वाटलं. तिच्यासाठी काहीतरी भरीव करावं असं मनानं घेतलं, आणि तिथेच माझं चुकलं. माझ्या मते मास्तरांचा 'येथे' म्हणजे तात्पुरती डागडुजी होती. मापाचं सोडा, मालाचं काय? सगळ्या कवितेत ती बाई नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते आणि शेवटी एकदम 'तू'? वर एक, तळाला भलतंच, ही तर सरळसरळ भेसळ. मी बराच वेळ खटपट केली आणि मला ओळ सापडली: 'तुम्ही बसावे, दार लावते.' आठ आणि आठ, सोळा. माप पुरं, मान पुरा. मी कधी कविता केली नव्हती, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात हे साधल्यावर थोडं हुरळून जायला झालं, हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाता जाता मी बायकोच्या केंद्रावर एक अर्ज दिला. विषय: क्रमिक पुस्तकातील ओळीत एक मात्रा कमी असलेबाबत. खाली सविस्तर मोजणी, आणि शेवटी "सदर ओळ 'तुम्ही बसावे, दार लावते' अशी वाचण्याचे आदेश व्हावेत" अशी विनंती. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, माझी सही वाचली, सहीखालचा हुद्दा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आमच्या दादाचा काटा तुम्हीच जप्त केला होतात ना? कोपऱ्यावरचं किराणा दुकान."

मला आठवेना. असे दादा पुष्कळ झाले.

"नियम म्हणजे नियम, असं म्हणाला होतात तुम्ही त्याला," त्या म्हणाल्या आणि अर्जावर शिक्का मारला. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी सावध झालो असतो.

बायकोला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, सरकारी काम आणि सहा महिने थांब. तिचा निकाल लागून जाईल आणि मग एक दिवस पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत नवी ओळ दिसेल, तेव्हा सांगू. तोवर ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून लिहीत होती. मी विचारलं, माझी मोजणी घेतलीस ना? म्हणाली, घेतली. भावाचं काय लिहिलंस? म्हणाली, द्यायच्या आधी वाचून दाखवीन. पण शुक्रवारी तिला दवाखान्यात जास्त वेळ थांबावं लागलं, आणि वाचायचं राहूनच गेलं.

शनिवारी आम्ही दोघं केंद्रावर गेलो. मी मुद्दाम सुट्टी घेतली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीशी पोचायच्या आधीच भिंतीवरच्या फलकाकडे माझं लक्ष गेलं. ताजा कागद, अजून डिंकाचा वास येत होता. शुद्धिपत्र. 'एकवचन' या कवितेची शेवटची ओळ विद्यार्थ्यांनी 'तुम्ही बसावे, दार लावते' अशी वाचावी. एका जागरूक नागरिकाने निदर्शनास आणून दिल्याबद्दल केंद्र आभारी आहे.

माझ्या उभ्या नोकरीत कुठल्याही कागदाला इतकी घाई झालेली मी पाहिली नव्हती.

बायकोनं तो कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. 'तुम्ही बसावे' ही ओळ मी गेले काही दिवस दाढी करताना गुणगुणत होतो, त्यामुळे जागरूक नागरिक कोण हे तिला विचारावं लागलं नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "माझा सगळा निबंध त्या 'तू'वर आहे."

मी तिला घेऊन खिडकीशी गेलो. खिडकीवरच्या बाईंनी निबंध चाळला आणि परत सरकवला. "जी ओळ पुस्तकात नाही तिच्यावर लिहिलेलं घेता येणार नाही. शुद्धिपत्राप्रमाणे दुरुस्त करून आणा. दुपारपर्यंत वेळ आहे."

मी म्हटलं, अहो बाई, तो अर्ज माझाच आहे, मी मागे घेतो. त्या म्हणाल्या, अर्ज मागे घेता येतो, निघालेलं शुद्धिपत्र मागे घ्यायला केंद्रप्रमुख लागतात. मी म्हटलं, थोडं समजून घ्या. त्यावर त्यांनी पुन्हा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. किराणा दुकानातल्या दादानंही मला तेच म्हटलं असणार, समजून घ्या म्हणून. पण का कोण जाणे, त्यांनी बायकोच्या हातातल्या कागदांकडे बघितलं आणि उठून स्वतःच आम्हाला आत घेऊन गेल्या.

केंद्रप्रमुख मूळचे हिशेब शिकवणारे. त्यांना सर्दी झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, बरंचसं दोनदा. त्यांनी रुमालात शिंकून विचारलं, "पण साहेब, तुमची मोजणी चूक होती का?"

इथे माझा अभिमान आडवा आला. "मोजणी बरोबर होती," मी म्हटलं.

"ओळ कमी भरते?"

"भरते."

"मग शुद्धिपत्र योग्यच आहे." आणि ते बायकोकडे वळले. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

ती दिवसभर खिडकीतून लोकांना वॉर्ड सांगते, पण साहेबासमोर बोलायची वेळ आली की तिचा आवाज बसतो. मला वाटलं, आता हिचं वर्ष गेलं, आणि ते मी घालवलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलली.

"माझी आई बाबांना जन्मभर अहो म्हणायची. आमच्याकडे तशीच रीत होती. शेवटी शेवटी बाबांना काही आठवेनासं झालं. आईला म्हणायचे, बाई, तुम्ही कोण? बसायचे नाहीत. सारखे दाराशी जायचे, घरी जायचंय म्हणायचे. आई म्हणायची, अहो, बसा ना. तर ते मागे वळून बघायचे, ही दुसऱ्याच कोणाशी बोलतेय असं वाटायचं त्यांना. कोणी मोठा माणूस आलाय आणि त्याला ही बसा म्हणतेय. मग आणखी घाबरायचे."

केंद्रप्रमुखांनी रुमाल खाली ठेवला.

"एकदा असेच दाराशी उभे होते. आई दमली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, अरे, तू बस इथे. आणि बाबा बसले. लहान मूल बसतं तसे बसले. तिनं दार लावलं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. मला वाटलं, त्यांच्या आजारपणाला रडतेय. मी जवळ गेले तर म्हणते, अगं, मी त्यांना अरे म्हटलं."

सासरे आजारी होते, हे मला माहीत होतं. औषधं मीच आणून देत होतो. ही गोष्ट मात्र मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तीही एका परक्या कचेरीत उभ्यानं.

"कवितेचं नाव एकवचन आहे," बायको म्हणाली. "सगळे त्याचा अर्थ वचन पाळणं असा घेतात. मला वाटतं, ते व्याकरणातलं एकवचन आहे. 'तुम्ही'चं 'तू' होतं ना, ते. त्या बाईनं सगळं पाळलं, दार पाळलं, चहा पाळला, आणि शेवटी त्याच्यासाठी तेवढं एक मोडलं. तिथे ओळ पुरी कशी भरेल? पुरी करायची तर तिला परत 'तुम्ही बसावे' म्हणावं लागेल. आणि तसं म्हटलं तर तो बसणार नाही."

केंद्रप्रमुखांनी पुस्तक ओढून घेतलं आणि शेवटची ओळ बोटांवर मोजली. मग नाक पुसलं. ते सर्दीमुळे होतं असं मी धरून चालतो. खिडकीवरच्या बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"शुद्धिपत्र रद्द करायला मला काहीतरी लेखी लागेल," केंद्रप्रमुख म्हणाले. "साहेब, तुम्हीच द्या. ज्यानं तपासलं त्यानंच."

आजवर मी कुठल्याही काट्यावरचा शेरा फिरवलेला नाही. मंत्र्याच्या मेव्हण्याच्या पेट्रोलपंपावरसुद्धा नाही. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर ओळ मी पुन्हा तपासली. तीत एक मात्रा कमी आहे. ती तशीच राहावी.' खाली सही केली, हुद्दा लिहिला. बाईंनी तो कागद घेतला, बाहेर जाऊन फलकावरचं शुद्धिपत्र नखानं खरवडून काढलं, आणि निबंधावर शिक्का मारून पोच बायकोच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "दादाच्या काट्यात खरंच फरक होता हो. मीच त्याला सांगत होते." एवढं बोलून त्यांनी खिडकी बंद केली, कारण दुपार झाली होती.

आम्ही चालत निघालो. मी मान खाली घालून पावलं टाकत होतो. माझी मोजणी बरोबर निघूनही मी इतका चुकलो कसा, हा हिशेब काही केल्या जुळत नव्हता.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"तू रागवायला हवंस."

"मी रागावले होते. फलक वाचला तेव्हा फार. मग तुम्ही तो कागद लिहायला बसलात आणि तुमचे कान लाल झाले, तेव्हा गेला राग."

आणखी थोडं चाललो. मनात एक गोष्ट घोळत होती. या वयात विचारायची लाज वाटत होती, पण विचारली.

"तूही मला कायम अहोच म्हणतेस. एकदा 'तू' म्हणून बघ ना. इथे कोण ऐकतंय?"

ती थांबली. मला वाटलं, लाजली असेल. बघतो तर तिचे डोळे भरले होते.

"जमत नाही का?" मी म्हटलं.

"जमेल. पण मी म्हणणार नाही."

"का गं?"

"ते म्हणायचं तर तुम्ही आधी मला विसरायला हवं."

"मी कशाला तुला विसरतोय?"

"मग अहोच राहा," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडण्यासाठी तिनं माझा दंड धरला.

मी हो म्हटलं. इतक्या मनापासून मी आजवर कशालाच हो म्हटलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही; तेव्हा नवे बूट चावत होते आणि अर्धं लक्ष तिकडे होतं.